डोयात खुपलेली टेप

मंगळवारी सकाळी साडेनऊला सेक्टर दोनमधल्या मराठी मंडळाचं कपाट उघडलं, आणि आतलं टेपचं खोकं रिकामं निघालं.

अगदीच रिकामं नव्हतं. आत वहीचं फाडलेलं पान होतं. पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं.

मंडळाचे सचिव शामसुंदर यांनी ते वाचलं आणि दहा मिनिटांत कारखान्याच्या टाइम ऑफिसला फोन लावला. शामसुंदर पर्सोनेल खात्यात अधिकारी. माणूस पुण्यात चार वर्षं कॉलेजला काय राहून आला, तेव्हापासून 'आणि'तला ण असा उच्चारायचा की समोरच्याने रुमाल काढावा. भिलाईत लोखंड वितळत होतं, रशियन लोक घामाघूम होऊन भट्ट्या उभ्या करत होते, आणि या गृहस्थांना चिंता होती ती मजुरांच्या अशुद्ध मराठीची.

"नरहरी, देवाजी खलाशाचा तिकीट नंबर, बापाचं नाव आणि गाव घेऊन या. पोलिसांत तक्रार लिहायची आहे."

"कायची तक्रार साहेब?"

"कशाची म्हणावं. चोरीची."

नरहरी टाइम ऑफिसात कारकून होता. नऊ वर्षांत त्याने हजारो मजुरांचे फॉर्म भरले होते. बहुतेकांना सही येत नसे, तेव्हा ते खिडकीपाशी उभे राहून बोलत आणि नरहरी लिहीत असे. नाव, बाप, गाव, तहसील. त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळ्या सेक्टरांत प्रसिद्ध होती. मजूर दोन वाक्यं बोलला की हा तिसऱ्याच्या आत तहसील लिहून मोकळा व्हायचा. दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे त्याला साहेबलोकांचा मनापासून तिटकारा होता.

त्याने देवाजीचं कार्ड काढलं. देवाजी, कोक ओव्हनला हंगामी खलाशी म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर, गाव साकोली तहसिलीतलं, जिल्हा भंडारा. कार्डाला पिवळी चिठ्ठी टाचलेली. कायम होणाऱ्यांच्या यादीत नाव होतं. यादी आज संध्याकाळी पाचला पर्सोनेल खात्यातून वर जाणार होती. पोलिसांत नाव गेलं की यादीतून कटणार. यादीतून कटलं की नोकरी नाही, नोकरी नाही तर क्वार्टर नाही, आणि साकोलीला परत जाऊन करायचं काय, तर दुसऱ्याच्या बांधीत भाताची रोवणी.

नरहरीने सायकल काढली.

रायपूरचं रेडिओ केंद्र नवंच सुरू झालेलं. त्यांनी भिलाईच्या मराठी लोकांसाठी महिन्यातून अर्धा तास दिला होता. गाणी, खाणं, थोड्या बातम्या, 'आपल्या मुलखाचं काहीतरी'. मंडळाच्या साहेबलोकांनी मुलूख म्हणजे स्वतःचा दिवाणखाना असा अर्थ लावला. शामसुंदर बातम्या वाचणार, त्यांच्या सौभाग्यवती कमलिनीबाई भावगीत गाणार आणि वर शेवयांची खीर सांगणार. केंद्राने उलट टपाली लिहिलं की भावगीतं आमच्याकडे पोत्याने आहेत, गावाकडची गाणी पाठवा. मग नाइलाजाने देवाजीची बायको भागीरथा हिला बोलावलं. तिने जात्यावरची गाणी गायली आणि लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची रीत सांगितली. रविवारी दुपारी रेकॉर्डिंग झालं. बुधवारी रायपूरचा माणूस टेप न्यायला येणार होता.

"वाचा," शामसुंदर म्हणाले आणि पान पुढे केलं.

नरहरीने वाचलं.

'सायेब, माह्या बायकोचं गानं साऱ्या मुलखात वाजवाचं नाई. आमा गरिबाची बायको सायबाच्या डोयात खुपते. टेप माह्याजवय हाय. सापडनार नाई. शोधू नका.'

"झालं की नाही स्पष्ट?" शामसुंदर म्हणाले. "बायकोने गायलेलं त्याला पहिल्यापासून आवडलं नव्हतं. सगळ्यांसमोर बोलला होता. रविवारी बाकं लावायला तोच होता. कपाटाची दुसरी किल्ली खिळ्याला असते हे त्याला ठाऊक."

"कोनाकोनाले ठाऊक आहे?"

"कोणाकोणाला. मंडळातल्या सगळ्यांना."

"मंग त्याच्यावरच कावून?"

"अहो, भाषा बघा ना. डोयात काय, जवय काय. ही माणसं असंच बोलतात. आपल्यातलं कोण असं लिहील?"

नरहरीने पान पुन्हा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं.

"साडेचारपर्यंत थांबा साहेब. तक्रार पक्की लिहू. कच्ची लिहिली तं ठाणेदार तुमालेच चकरा मारायले लावन."

शामसुंदरना चकरा मारण्याचा तिटकारा होता. ते थांबले.

टेपरेकॉर्डर चालवणारा अरुणकुमार इंजिनिअरिंग शिकून नुकताच लागलेला. यंत्र रशियन साहेबाकडून उसनं आणलेलं, त्याच्यापाशी तो मुलाला खेळवावं तसा बसला होता.

"मशीन तुमीच बंद केली का रविवारी?"

"हां, मैंने ही. म्हणजे मीच."

"गानं संपल्याबरोबर?"

अरुणकुमारने मान खाजवली. "नहीं, थोडं चालू राहिलं. त्याच वेळी चाय सांडली ना. शामसुंदरसाहेबांच्या मांडीवर. पूरा कप. ते ओरडले, सगळे हसले, मी पण हसलो. मग मशीन बंद केली."

"म्हंजे ओरडनं टेपात आलं?"

"आलं असेल. मी साहेबांना सांगितलं, फिकर नको, रायपूरवाले कैचीने काटतील. इथं काटायचं सामान नाही."

"साहेब काय मनले?"

"काही नाही. धोती बदलायला घरी गेले."

"पुसून नाही टाकता येत?"

"येतं. पण यंत्र माझ्याजवळ असतं. मला कळेल ना."

"मराठी लिहिता येते का तुमाले?"

अरुणकुमार हसला. "आई बोलते. मी हिंदी शाळेत शिकलो."

नरहरी निघाला. कमलिनीबाईंचं क्वार्टर मंडळाच्या समोरच. बाई हार्मोनियमवर बोटं ठेवून बसल्या होत्या. गाणं नाकारल्याला महिना झाला, तरी चेहरा सुतकातून बाहेर आला नव्हता.

"टेप हरवल्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल," नरहरी म्हणाला. बाईंशी तो शक्य तितकं शुद्ध बोलत असे, म्हणजे त्यांनी सुधारत बसू नये.

"मला कशाला वाटेल? जात्याची घरघर ऐकायला रेडिओ कशाला हवा? पीठगिरणीत जावं."

"आता जागा रिकामी झाली. तुमचं गाणं घेतील."

बाईंचे कान लाल झाले. "तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी फक्त विचारतो. तुम्ही मूळच्या नागपूरच्या?"

"महाल भागातल्या. आमच्याकडे सगळे शुद्धच बोलतात."

"आणि साहेब पुण्याचे."

"पुण्याला शिकले," बाई म्हणाल्या.

"सासूबाई येतात का कधी भिलाईला?"

"त्यांना इथली हवा मानवायची नाही असं हे म्हणतात. त्या तिकडे दर्यापूरकडे असतात, शेतावर."

"किती दिवसांत आल्या नाहीत?"

"कधीच नाही," बाई म्हणाल्या आणि हार्मोनियमचा भाता उगाच दाबला.

नरहरीने दर्यापूर मनात लिहून घेतलं. सवय ती.

देवाजीचं क्वार्टर एका खोलीचं. पाळीवरून येऊन तो ओट्यावर डोळ्यांवर ओला पंचा ठेवून बसला होता. भागीरथा दारात उभी. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. सेक्टरमध्ये पाणी चार दिवसांनी येतं, पण बदनामी पाच मिनिटांत.

"नरहरीभाऊ, म्या नाही नेली," देवाजी म्हणाला.

"डोळ्याले काय झालं?"

"गॅसनं डोरे जरतात. रोजचंच हाय."

"तू मनला होता ना, बायकोचं गानं लोकाईनं कावून आयकावं?"

"मनलो होतो. पयले मनलो. मंग तिनं गायलं तवा म्याच बाकड्यावर बसून आयकलं. माजी माय गाये तसंच होतं." तो थांबला. "यादी आज जाते ना भाऊ?"

"जाते."

"सात वर्स झाले हंगामी. पोरगी आता सेक्टरच्या शारेत जाते. गावाले परत गेलो तं तिची शारा सुटली समजा."

"कपाटाच्या जवळ गेला होता का तू?"

"जवर गेलो ना, बाकडे तिथंच ठेवतात. पन हात नाही लावला."

नरहरी भागीरथेकडे वळला. "बाई, चहा सांडला तवा तू कुठं होती?"

"मायकासमोर. मी गानं थांबवलं आन् सायेब उठून नाचाले लागले. हसू येत होतं पन हसली नाही."

"ओरडले काय?"

"मनले, 'अवं मायवं, पोयलो ना!' दोनदा मनले. पोयलो, पोयलो." भागीरथेला आता हसू आलं, मग लगेच आवरलं. "आमी पोरलो मनतो. मी मनलं सायबाची भाषा येगरी."

"हे आनखी कोनी आयकलं?"

"सारेच आयकले. पन पोरंसोरं खिदरून राहिले होते, कोन ध्यान देते?"

नरहरीने खिशातलं ते फाडलेलं पान चाचपलं. वाचकहो, त्याला आता सगळं ठाऊक झालं होतं, आणि जे त्याला ठाऊक ते तुम्हालाही सांगून झालं आहे.

साडेचारला मंडळाच्या हॉलमध्ये पाच जण बसले. शामसुंदर टेबलामागे, कमलिनीबाई त्यांच्या बाजूला, अरुणकुमार यंत्रापाशी, आणि देवाजी-भागीरथा दाराजवळच्या बाकावर, बाकाच्या अगदी टोकाला. शामसुंदरांनी घड्याळ दाखवलं.

"मला पाचला पर्सोनेलमधून यादी वर पाठवायची आहे. लवकर आटपा."

"एकच वाक्य लिहायचं आहे," नरहरी म्हणाला आणि चार कागद वाटले. "मी सांगतो. घरात आपण जसं बोलतो तसं लिहा. 'माझ्या डोळ्याजवळ काळं झालं.'"

"हा काय पोरखेळ?"

"तक्रार पक्की करून राहिलो साहेब."

कमलिनीबाईंनी लिहिलं. अरुणकुमारने लिहिलं. देवाजीने ओठ हलवत हळूहळू लिहिलं, तो चौथीपर्यंत शिकला होता. शामसुंदरांनी कागदाला हात लावला नाही.

नरहरीने कागद गोळा करून मोठ्याने वाचले.

"बाईंनी लिहिलं, डोळ्याजवळ काळं. अगदी पुस्तकातलं. अरुणकुमारनं लिहिलं, डोलेजवल काला. त्याच्या शाळेत ळ शिकवतच नाहीत. देवाजीनं लिहिलं, डोऱ्याजवर कारं." त्याने कागद टेबलावर ठेवला. "साहेब, तुम्ही नका लिहू. तुम्ही आधीच लिहिलं आहे."

नरहरीने खिशातलं पान काढलं.

"इथं लिहिलं आहे, डोयात. जवय. आता ऐका. भंडाऱ्याच्या, साकोलीच्या मानसाच्या तोंडात ळ नाही. तो र मनते. डोरा, जवर, कारा. जलमभर र मनते. त्याला मारून टाकलं तरी तो य मनणार नाही. य कोन मनते? वऱ्हाडातला मनते. अमरावती, अकोला, दर्यापूर. डोया, जवय, काया. नऊ वर्सं मी खिडकीत हेच आयकून राहिलो. मले गाव विचारावं लागत नाही."

"उच्चारावरून चोर ठरवता?" शामसुंदर म्हणाले. आवाज चढला होता. "गावठी ते गावठी. त्यात हा र आणि तो य, काय फरक पडतो?"

"तुमाले काही फरक पडत नाही, म्हनूनच तर सापडले. तुमच्या लेखी खालचा माणूस एकच, त्याची बोलीही एकच. देवाजीसारखं लिहायला बसले आणि आपल्या घरचं लिहून बसले. शाळेत शुद्ध झालात, पुण्यात शुद्ध झालात, पण सोंग घ्यायला गेलात तेव्हा हाताशी आलं ते आईचंच बोलणं."

"काय पुरावा? कशासाठी करीन मी?"

"चहासाठी," नरहरी म्हणाला.

अरुणकुमारने मान वर केली.

"रविवारी चहा मांडीवर सांडला. तुम्ही ओरडले, अवं मायवं, पोयलो ना. पोळलो नाही, पोयलो. यंत्र चालू होतं. या पोरानं तुम्हाला सांगितलं की आवाज आला. बुधवारी ती टेप रायपूरला जाणार. तिथले लोक ऐकणार, हसणार, दोन महिन्यांत साऱ्या अधिकाऱ्यांना कळणार की शुद्धवाले साहेब भाजलं की वऱ्हाडीत भाजतात. पुसता येत नव्हतं, अरुणला कळलं असतं. पुन्हा गायला सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून टेप नाहीशी केली. आणि नाहीशी झाली की चोर लागतो. तो तुमाले सोपा सापडला. हंगामी, गरीब, आणि बायकोच्या गाण्यावर आधीच कुरकुरलेला."

"खोटं आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातला प्रकार."

"खरं आहे ते. फक्त बोंब तुमची आहे."

कमलिनीबाई उठल्या. त्या समोरच्या क्वार्टरमध्ये गेल्या आणि पाच मिनिटांनी पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. टेपचं रीळ त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ह्यांच्या सुटकेसच्या अस्तराखाली होतं. काल कपडे काढताना दिसलं."

"कमल!"

"काल दिसलं आणि मी गप्प बसले," बाई नवऱ्याकडे न बघता नरहरीला म्हणाल्या. "वाटलं, ही टेप गेली तर माझं गाणं घेतील. कारण मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी बोलले असते की नाही, कोणास ठाऊक." त्यांनी खुर्ची ओढली आणि नवऱ्यापासून दूर बसल्या. "मी आज सासूबाईंना पत्र टाकणार आहे. पुढच्या आठवड्यात त्या इथे येतील. दिवाळीपर्यंत राहतील."

शामसुंदरचा चेहरा असा झाला, जणू पोलिसांपेक्षा हे जास्त वाईट होतं. नरहरीला तो चेहरा बघून जो तिटकारा वाटला तो त्याने लपवला नाही. एका ओरडण्यापायी हा माणूस एका घराची चूल विझवायला निघाला होता. गुन्हा तरी माणसाने अंगाला शोभेल असा करावा.

"पंधरा मिनिटं राहिले," तो म्हणाला. "कागद घ्या. लिहा, टेप नजरचुकीने माझ्याजवळच राहिली होती आणि देवाजीबद्दल माझी काही तक्रार नाही. सही करा. मग यादी स्वतः घेऊन जा. देवाजीचं नाव कितव्या नंबरावर आहे ते मला पाठ आहे, उद्या सकाळी वरची प्रत बघणार आहे मी."

शामसुंदरने लिहिलं. ळ आणि ण जागच्या जागी होते. सही करून तो उठला. टोपी घ्यायची विसरला.

दारात देवाजी उभा होता. तो आडवा आला नाही, पण बाजूलाही झाला नाही.

"सायेब, येक विचारतो. टेप लपवाची होती, लपवली. माजं नाव कावून घातलं?"

शामसुंदर उंबऱ्याशी थांबला. मग म्हणाला, आणि त्या हॉलमध्ये त्याने पहिल्यांदा जाणूनबुजून तसं म्हटलं, "मले लाज वाटे ना बे."

"कायची?"

भागीरथा मागून बघत होती. रविवारी तीस माणसांसमोर ती आपल्याच बोलीत गायली होती आणि तिला त्यात लाजण्यासारखं काही आहे असं सुचलंही नव्हतं.

"जा सायेब," देवाजी बाजूला होत म्हणाला. "पाच वाजून राहिले. मले नोकरी पायजे."

शामसुंदर सायकलवर बसला आणि पर्सोनेलच्या दिशेने निघाला. देवाजी तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभा राहिला, कारण त्याचा आता कोणत्याही साहेबावर विश्वास नव्हता.